एकच्या वर

"दीदी, एकच्या वर आलं. बरोबर ना?" असं म्हणत दीप्तीनं वही पुढे सरकवली, तेव्हा हर्षदाचं अर्धं लक्ष रेवाच्या तोंडाकडे होतं. चौदा महिन्यांची रेवा जमिनीवर बसून काहीतरी चघळत होती, आणि हर्षदानं तिच्या गालात बोट घालून आधी ते बाहेर काढलं. खोडरबराचा तुकडा. तो उजेडाकडे धरून अख्खा आहे की अर्धा आत गेला हे तिनं नीट पाहिलं, जमिनीवर दुसरा तुकडा पडलाय का ते पाहिलं, आणि मगच वहीकडे वळली. दीप्ती समोरच्या रो-हाउसमधली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. थर्मोडायनॅमिक्स तिला दोनदा राहिलेला, म्हणून रोज अकराला हर्षदाकडे शिकायला यायची. गणित साधंच होतं: कार्बन डायऑक्साइड, चाळीस अंश, नव्वद बार, रिड्यूस्ड टेम्परेचर आणि रिड्यूस्ड प्रेशर काढा. "चाळीसला एकतीसनं भागलंस? सरळ सेल्सियसनंच?" हर्षदानं विचारलं. दीप्तीनं जीभ चावली. "आधी केल्विन कर. दोनशे त्र्याहत्तर मिळव दोन्हीत." दीप्तीनं मिळवले, भागलं, म्हणाली, "एक पूर्णांक शून्य तीन. पण दीदी, एकच्या वर तर दोन्ही वेळा आलं. मग काय फरक पडला?" हर्षदा हसली. पोरगी मठ्ठ नव्हती, घाईची होती. "एकच्या वर म्हणजे होतं काय पण?" दीप्तीनं विचारलं, आणि हर्षदा सांगू लागली, की प्रत्येक वायूची स्वतःची एक हद्द असते, कुणाची कितीवर, कुणाची कितीवर, आपण आपल्या तापमानाला त्या हद्दीनं भागतो, म्हणजे तो आपल्या हद्दीपासून किती लांब उभा आहे ते कळतं. एकच्या खाली असला तर दाबून त्याचं पाणी, म्हणजे द्रव, करता येतं. एकच्या वर गेला की कितीही दाब, पाणी होत नाही. "कार्बन डायऑक्साइडची हद्द एकतीसवर. बंद टाकीत खाली पाणी, वर वायू, मध्ये एक रेघ असते ना, ती रेघच पुसली जाते. मग हलवलीस तरी आत काही डचमळत नाही." "टाकी भरलेली असली तरी?" दीप्तीनं सहज विचारलं. "भरलेली असली तरी," हर्षदा म्हणाली, आणि तिचं बोट वहीवर जिथं होतं तिथंच राहिलं.

दीप्तीनं पुढचं गणित काढलं, सोडवलं, चुकवलं, पुन्हा सोडवलं. हर्षदा "हं" म्हणत राहिली. बाहेर सुरतेतल्या दिंडोलीचं ऊन पत्र्यांवर तापत होतं, भाजीवाला गुजरातीत ओरडत गल्लीतून गेला, आणि तिच्या डोळ्यांसमोर लाल रंगाच्या, आग विझवायच्या सहा बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. चार वर्षांपूर्वीच्या. मार्च अखेरच्या दुपारी दीड वाजताच्या. पांडेसरातल्या फर्मच्या अंगणातल्या, सिमेंटच्या, पाय भाजणाऱ्या अंगणातल्या. भरलेली असली तरी. तिनं हे वाक्य आपल्या तोंडानं, शिकवायच्या सुरात, आत्ता उच्चारलं होतं. जणू हे तिला नेहमीच माहीत होतं आणि कुणी विचारायचीच खोटी होती. त्या दुपारीही कुणीतरी विचारलंच होतं की.

इंजिनिअरिंग संपवून ती आग विझवायच्या बाटल्यांत कार्बन डायऑक्साइड भरणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये लागली होती, ट्रेनी म्हणून. नोकरी लोटू आप्पांनी लावून दिली. लोटू आप्पा तिच्या वडिलांच्या गावचे, अमळनेरकडचे. वडील लूमवर कामाला आले त्याच साली तेही सुरतेत आले, आणि वीस वर्षं त्या फर्ममध्ये गॅस भरायचं काम करत होते. "आमना गावनी पोरगी शे, इंजिनिअर व्हयनी," असं त्यांनी मालकाला, भूपेंद्रभाईंना, इतक्यांदा सांगितलं की शेवटी भूपेंद्रभाईंनी तिला बोलावलंच. पहिल्या दिवशी आप्पांनी तिला सगळी फर्म फिरवून दाखवली, नव्या सुनेला घर दाखवावं तशी. कोणती झडप कडक आहे, कोणत्या टाकीचा दांडा हाताला लागतो, गॅस सुटताना हातमोजे का घालायचे. तिला ते नको वाटायचं. ऑफिसातल्या पोरांसमोर आप्पा तिला "बेटा" म्हणायचे, घरची बोली बोलायचे, आणि तिनं मराठीत, मग हिंदीत उत्तर दिलं तरी थांबायचे नाहीत. ती डोक्यावर पिवळं हेल्मेट घालायची, जिथे डोक्यावर पडण्यासारखं काही नव्हतं तिथेसुद्धा.

कापड मार्केटमधल्या एका गोदामातून सहा बाटल्या परत आल्या. तिथल्या मेहताजीनं, म्हणजे मुनिमानं, दुपारी हलवून पाहिल्या, आत काही वाजलं नाही, म्हणून भरलेल्या सांगून रिकाम्याच दिल्या अशी तक्रार. फर्ममध्येही सगळे तसंच करायचे, हलवून पाहायचे. वाजली की भरलेली. खरं तर वजन करायचं असतं, पण काटा त्या आठवड्यात शिक्का मारून घ्यायला गेलेला. भूपेंद्रभाईंनी आप्पांना बोलावलं, सगळ्यांच्या देखत. सोडावाल्याला गॅस विकतोस का, असं विचारलं, कारण तोच गॅस सोड्यात जातो आणि नाक्यावर सोड्याच्या गाड्या काय कमी आहेत. आप्पा म्हणाले, "भरेल शेत शेठ. सकायले देखजा." सकाळी बघा म्हणे. भूपेंद्रभाई हसले. मग तिच्याकडे वळले, "बोलो मॅडम, तमे तो इंजिनियर छो. भरेलो छे के खाली?"

ती पुढे झाली. तिनं एक बाटली उचलून तिरकी केली, कानाशी नेली, हलवली. लोखंड इतकं तापलेलं की कानाच्या पाळीला चटका बसला. आत काहीच नव्हतं. म्हणजे आवाज नव्हता. शेडच्या भिंतीवर, आप्पांच्या डोक्याच्या बरोबर वर, थर्मामीटर टांगलेलं होतं आणि ते तिला दिसलं होतं. पारा चाळीसच्या जरा खाली. हे दिसल्याचं तिला आत्ताही आठवत होतं, आणि त्यामुळेच विसरून गेले असं म्हणता येत नव्हतं. काहीतरी टोचलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जे पान चटकन उलटलं जातं आणि बोट तिथं अडतं, तसं. आप्पा तिच्याकडे बघत होते, भीतीनं नाही, उलट जरासे हसत. आता आपली पोरगी सांगेल, असं त्या चेहऱ्यावर होतं. तोच चेहरा तिला सहन झाला नाही. ती म्हणाली, "खाली है." हिंदीत. आप्पांना कळू नये म्हणून जणू. आप्पांना हिंदी तिच्यापेक्षा चांगली यायची.

"दीदी, रेवा!" दीप्ती ओरडली. रेवा पंख्याच्या वायरीशी गेली होती. हर्षदानं झेप घेऊन तिला उचललं, घट्ट धरलं, इतकं की पोर रडायलाच लागली. दीप्ती गेली, वरण-भात झाला, रेवाच्या प्रत्येक घासाला हर्षदानं गिळलं का ते तोंड उघडायला लावून पाहिलं. हे तिचं असं कधीपासून झालं? सासूबाई म्हणायच्या, पहिली पोर आहे, होतं तसं. झोपलेल्या रेवाच्या नाकापुढे ती बोट धरायची, रात्रीतून तीनदा उठून शेगडीचं बटण बघायची, आंघोळीच्या पाण्यात कोपर घालायची, मग मनगट, मग पुन्हा कोपर. अक्षय, तिचा नवरा, गमतीनं म्हणायचा, "तुला इन्स्पेक्टर करायला पाहिजे होतं." ती एकदाही हसली नव्हती. लग्नाआधी ती अशी नव्हती. कॉलेजात तर निष्काळजी म्हणूनच प्रसिद्ध. कधीपासून, हे तिला ठाऊक होतं. पण त्या एका सकाळपाशी आलं की मन गल्ली बदलायचं, समोरून नको ते माणूस येताना दिसल्यावर आपण बदलतो तशी. दोन वर्षांपूर्वी खरंच तसं घडलं होतं. बमरोलीत रिक्षातून जाताना एका सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले लोटू आप्पा दिसले, खाकी शर्टात, आणि तिनं ओढणी चेहऱ्यावर घेतली. ऊन होतं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. ऊन होतंच.

दुपारी तिनं अक्षयला फोन लावला. तो कतारगामला एम्ब्रॉयडरी मशिनं दुरुस्त करत होता, मागे मशिनांचा खडखडाट. तिनं सांगितलं, त्यानं तीनदा "काय?" केलं. "अगं मग चूक झाली. होते चूक. नवीन होतीस," तो म्हणाला. "त्यांचं काम गेलं ना अक्षय. गावात चोर झाले ते. कानबाईच्या सणाला येणं बंद केलं त्यांनी." "चार वर्षं झाली, त्यांनाही नसेल आठवत. पोर जेवली का?" "जेवली." "मग झोप थोडी तूपण." तिनं फोन ठेवला. नवीन होतीस, चूक झाली. हे शब्द किती बेताचे होते, अंगावर शिवल्यासारखे. ती ते मनात घोळवू लागली. आप्पा, माझी चूक झाली. मला कळलं नाही. उन्हात तो गॅस वाजत नाही, हे मला आता शिकवताना कळलं. आप्पा, मला माफ करा. म्हणताना गळा दाटून येईल, असंही तिला वाटलं, आणि दाटून येईल या विचारानं थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दीप्तीला सुट्टी देऊन, रेवाला टोपी घालून, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन ती बमरोलीला गेली. सोसायटी मिलच्या कंपाउंडला लागून होती. वाफेचा आणि रंगाचा वास, ओल्या कापडाच्या गाठी घेऊन जाणारे टेम्पो. आप्पा होते. केस पिकले होते, बाकी तेच. त्यांनी तिला ओळखायला वेळ घेतला नाही. उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः फाटकाच्या कठड्यावर बसले. "बस बेटा. हाई तुनी का? काय नाव?" "रेवा." "नर्मदाबाई व्हयनी मंग," ते म्हणाले आणि रेवाच्या टोपीला हात लावला. हर्षदा बसली नाही. पाठ केलेलं तिनं म्हणून टाकलं, उभ्यानं, भराभर. हद्द, एकतीस अंश, ऊन, रेघ पुसली जाते, चूक झाली, मला कळलं नाही. गळा दाटून आला नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक टेम्पो आला, त्यांनी उठून फाटक उघडलं, वहीत नंबर लिहिला, फाटक लावलं, पुन्हा येऊन बसले. "दुपारनी टाकी बोलत नही," ते म्हणाले. "हाई तं आम्हले बी माहीत शे बेटा. वीस वर्स भरेल शेत. हिवाळामा दिवसभर बोलस, उन्हाळामा सकायलेच बोलस. त्ये तुम्हना पुस्तकमा बी लिखेल शे का?" "आहे." "बरं शे," ते म्हणाले, आणि खरोखरच बरं वाटल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "मी म्हनू, पोरगी नवी शे, शेठले घाबरनी व्हई. सकायले देखी, मंग सांगी." तिनं मान खाली घातली. रेवा तिच्या हातातून निसटायला बघत होती. "मी तं दुसऱ्या रोज साडेआठ वाजता उनू व्हतू," आप्पा म्हणाले, "फाटकमा घेतं नही माले. म्हने वजन करं, सहाबी खाली निंघन्यात. काटा उना व्हता ना सकायले." ते तिच्याकडे बघत होते. आवाज चढलेला नव्हता. "तेच कळत नही माले. दुपारनी नही वाजन्यात, ठीक शे. पन काटा कसा खोटं बोलस? चार वर्स इचार करी ऱ्हायनू. खरं सांग बेटा. सकायले हालाडी देखं व्हतं का तू?"

कळलं नाही, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. फक्त पुन्हा म्हणायचं होतं. पण आप्पांनी विचारलं होतं ते दुपारचं नव्हतंच. ते सकाळचं होतं, आणि सकाळी ती साडेसहालाच पोचली होती, झोप लागली नव्हती म्हणून, घरी आईला लवकर ड्युटी आहे असं सांगून. अंगण रात्रभर निवलेलं, पायाला गार. सहा बाटल्या तिथंच. शेजारच्या लूमचा खडखडाट चालू, पण माणूस कुणी नाही. तिनं पहिलीला हात लावला, लोखंड थंड, जरासं दवानं ओलं. तिरकी केली. आत जड काहीतरी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, झोपेत कूस बदलावी तसं. दुसरी. तिसरी. सहाही. तेव्हा तिच्याकडे दीड तास होता. आठला काटा येणार, आठला भूपेंद्रभाई येणार. दीड तासात फोन करता आला असता. नुसतं तिथं उभं राहता आलं असतं, तरी काट्यानं आपोआप सांगितलं असतं. तिनं पहिल्या बाटलीची पिन काढली. फक्त खात्री करायला, असं म्हणून. आणि तक्रारीची बाटली पुन्हा भरण्याआधी रिकामी करायचीच असते, असंही. पांढरा लोट सुटला, मोठा आवाज झाला, लूमच्या आवाजात मिसळून गेला. तिनं दांडा सोडला नाही. मग दुसरी. तिसऱ्या बाटलीपासून ती रडत होती की नुसते डोळे झोंबत होते, कोण जाणे. साडेसातला अंगणात पांढरा बर्फ पसरला होता आणि तो वितळत नव्हता, नुसता नाहीसा होत होता, ओल न ठेवता. आठला जमीन कोरडी होती. भूपेंद्रभाई म्हणाले, "वाह मॅडम, टाइम पर." आणि काटा खोटं बोलला नाही.

"बघितलं होतं," हर्षदा म्हणाली. "मंग?" "वाजल्या. सगळ्या वाजल्या आप्पा." "मंग?" "मी गॅस सोडून दिला. सहाच्या सहा बाटल्या. काटा यायच्या आधी." रेवानं तिची बांगडी तोंडात घातली आणि तिनं ती काढली नाही. कुणी शिवी द्यावी, हात उगारावा, यासाठी तिनं अंग आवळून धरलं होतं. आप्पा हळूच म्हणाले, "हातमोजा घालेल व्हतात का?"

तिला आधी कळलंच नाही. "नाही," ती म्हणाली. त्या सकाळी उजव्या हाताची दोन बोटं गारठ्यानं पांढरी पडून फोड आले होते, आईला तिनं इस्त्रीचा चटका म्हणून सांगितलं होतं. "शिकाडं व्हतं मी तुले," आप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पहिलाच रोज शिकाडं व्हतं!" एवढ्यावरच ते चिडले; बाकी कशावर नाही, किंवा बाकी सगळ्यावर. तिनं म्हटलं, "भूपेंद्रभाईंना मी आजच फोन करते. लिहूनसुद्धा देते. सगळ्यांना सांगते." त्यांनी हात झटकला. "शेठनं काय ते आते. मी तेथे जावाव नही, आनि तो बोलावाव बी नही." मग त्यांनी मागच्या इमारतीकडे बोट केलं. "तिसरा माळा. शोभा घरच शे. तिले सांग." "काकूंना?" "तिनी एकदाव इचारं माले, सोडावालाले खरंच देयेल व्हता का म्हने. मी कसम नही खादी. म्हनू, बायकोसमोर काय कसम खावानी." ते उठले. आणखी एक टेम्पो हॉर्न देत होता. "मंग तिनी परत इचारं नही. मी बी सांगं नही. जाय. ऊन शे, पोरले वर लई जाय."

तीन जिने. प्रत्येक पायरीवर कडेवरच्या रेवाचं वजन वाढत गेलं. दार उघडंच होतं. शोभाबाई खाली बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होत्या, घरी आणून करायचं काम. डाव्या बाजूला कापायच्या साड्यांचा ढीग, उजव्या बाजूला कापून झालेल्यांचा. "हर्षदा ना तू? वसंतभाऊनी पोर?" त्या म्हणाल्या. "ये माय. बस." त्यांनी साड्या सरकवून जागा केली, पोरीला बिस्किट दिलं. हर्षदाला बिस्किट दिसलं, ते अख्खं आहे, दोन तुकडे करून द्यायला हवं, हेही दिसलं. तिनं सांगितलं. या वेळी गणिताचं काही सांगितलं नाही. "काकू, आप्पांनी काही विकलं नव्हतं. बाटल्या भरलेल्या होत्या. मला माहीत होतं. मीच रिकाम्या केल्या." कातर चालू होती. शोभाबाईंनी त्या साडीचा काठ शेवटपर्यंत संपवला, मग साडीची घडी घातली, उजव्या ढिगावर ठेवली, आणि पुढची घेतली नाही.

"कसाले केलं?" त्यांनी विचारलं.

नोकरी जाईल म्हणून, असं हर्षदा म्हणणार होती. पण ते पुरतं खरं नव्हतं. सगळ्यांसमोर एकदा "खाली" म्हटलं होतं, ते खरं करायचं होतं. ती म्हणाली, "मी बोलून गेले होते, म्हणून."

शोभाबाईंनी मान हलवली, हे त्यांना कळल्यासारखी. "चार वर्स," त्या म्हणाल्या, "तो न्हायले गया की मी त्याना खिसा तपासस. रोज. काय सापडी, माले बी माहीत नही. काहीच सापडं नही. तरी बी काल तपासा मी." रेवा बिस्किटाचा ओला हात साड्यांच्या ढिगाकडे नेत होती; कुणीच अडवलं नाही. "त्याले माहीत व्हई," शोभाबाई म्हणाल्या, स्वतःशीच. "त्यो खिसामा आते काहीच ठेवत नही. बस पास बी हातमाच धरस."

"काकू, मी खाली तुमच्याबरोबर येते," हर्षदा म्हणाली. "त्यांच्यासमोर पुन्हा सांगते सगळं."

शोभाबाईंनी नकारार्थी हात केला. पदरानं चेहरा पुसला, भिंतीला धरून उठल्या, आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागल्या. एक पाय आत जाईना, तरी त्या खाली न बघता रेटतच राहिल्या.

"तू बस, पोरले पानी पाज," त्या म्हणाल्या. "तुनं सांगनं व्हई गयं. मनं बाकी शे."